लाकूड, इपॉक्सी आणि पहिली होडी: शिकायला सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुतारकाम हातात आहे, कपाटं, टेबलं, दारं केली आहेत, पण होडी कधी बांधलेली नाही. आता लाकूड, इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारं रेझिन) आणि काचेचं कापड वापरून एक छोटी होडी स्वतः बांधायची आहे, जमलं तर पुढे मोठी. पद्धत कुठली धरावी, सामान कसं निवडावं, आणि हे शिकायला शाळेत जावं की घरीच हात बसवावा?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. पहिले काही आठवडे होडीला हातच घालू नका; नुसते तुकडे चिकटवा आणि तोडा. मग तीन-साडेतीन मीटरची, प्लायवूडची, टाके घालून जोडलेली वल्ह्यांची होडी बांधा. ती दोन मोसम भरपूर वापरा आणि दर मोसमाअखेर उलटी करून नीट तपासा. दुसरी होडी कशी बांधायची ते तिच्याकडूनच कळेल. आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्की असू द्या: तुम्ही जे शिकणार आहात ते मुख्यतः लाकडात पाणी शिरू न देण्याचं काम आहे. ताकद, आकार, चकाकी हे सगळं त्याच्या मागून येतं.

फळ्यांची जुनी होडी आणि ही नवी होडी दिसायला सारख्या असल्या तरी पाण्याशी त्यांचं नातं अगदी उलटं असतं. जुनी होडी पाण्याच्याच भरवशावर टिकते. कोरड्या जागी महिनोन् महिने ठेवली की फळ्या आकसतात, फटी दिसायला लागतात. पाण्यात लोटली की पहिले एक-दोन दिवस ती गळते, मग फळ्या फुगतात, एकमेकींना दाबतात आणि गळती आपोआप थांबते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र बरंच हलतं. ताज्या ओल्या लाकडातलं सगळं पाणी गेलं तर ते रुंदीत जातीप्रमाणे 6 ते 10 टक्के आकसू शकतं, आणि लांबीत मात्र अर्ध्या टक्क्याच्याही आत. फटींत सूत ठोकण्याची सगळी जुनी विद्या या हलण्यावर उभी आहे.

नव्या पद्धतीत हे हलणंच बंद करायचं असतं. लाकूड 8 ते 12 टक्के ओलाव्यावर असताना त्याच्या सगळ्या बाजू, सगळी टोकं, सगळी भोकं इपॉक्सीने बंद करायची. इपॉक्सी बाष्प शंभर टक्के अडवत नाही, पण त्याची ये-जा इतकी मंदावते की आतला ओलावा जवळपास जिथल्या तिथे राहतो. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. तेवढा मिळालाच नाही तर लाकूड कुजायचं कारण उरत नाही. लाकूड हललं नाही तर सांधा उकलत नाही, रंग तडकत नाही. म्हणजे वजनाच्या मानाने लाकडात जी ताकद मुळातच आहे ती तशीच टिकते, तेवढं राखलं की झालं. एरवी लाकूड फार गुणी आहे. वजनाच्या तुलनेत त्याचा ताठपणा उत्तम, आणि पुन्हापुन्हा वाकवलं तरी ते सहज थकत नाही.

इथेच एक इशारा देतो, कारण हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो: जुनी फळ्यांची होडी गळते, तिच्यावर बाहेरून काचेचं कापड आणि रेझिन चढवलं तर? नका करू. आतल्या फळ्या हलायच्या थांबत नाहीत. आतल्या बाजूने त्या पाणी पितात, फुगतात आणि बाहेरचं कवच सांध्यासांध्यावर सुटायला लागतं. कवच आणि फळी यांच्यामध्ये साचलेलं पाणी कधीच वाळत नाही. अशी एक होडी मी उघडली आहे. बाहेरून गुळगुळीत पांढरी, नख लावायला जागा नाही. कवच ओढल्यावर ते हातभर लांबीत सोललं गेलं, आणि खालची फळी ओल्या केकसारखी बोटांत कुस्करत होती. मालकाने आदल्या वर्षीच मोठ्या मायेने ते काम करून घेतलं होतं. जुन्या होडीची दुरुस्ती जुन्या रीतीनेच करावी. एका होडीत दोन्ही विद्या मिसळू नयेत.

या विद्येचा इतिहास फार लांब नाही. पातळ लाकूड आणि चांगला गोंद यांनी काय होऊ शकतं ते दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो विमानाने दाखवलं होतं. मधे बाल्सा, दोन्ही बाजूंना बर्च प्लाय, असं त्याचं अंग होतं, आणि 1940 साली त्याने पहिलं उड्डाण केलं. 1963 साली ब्रिटनमध्ये मिरर नावाची छोटी शिडाची होडी आली. नौका-आराखडेकार जॅक होल्ट आणि दूरदर्शनवर घरकाम शिकवणारे बॅरी बकनेल यांनी ती आखली. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यावर आतबाहेर काचेची पट्टी रेझिनने बसवायची, एवढ्यावर ती उभी होती. अशा सत्तर हजारांहून जास्त होड्या झाल्या, त्यातल्या कितीतरी ज्यांनी आयुष्यात होडी बांधली नव्हती अशांनी. तिथलं रेझिन पॉलिएस्टर होतं. पुढे 1969 पासून अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या बे सिटीत मीड, जोएल आणि जॅन या गूजन बंधूंनी इपॉक्सीचा पद्धतशीर वापर रूढ केला. त्यांच्या पद्धतीच्या इंग्रजी नावात लाकूड 'संपृक्त' करणं असा अर्थ येतो, आणि त्यामुळे आजही लोकांना वाटतं की इपॉक्सी लाकडात आरपार मुरतं. तसं होत नाही. फळीच्या सपाट बाजूला ते मिलिमीटरच्या अंशाइतकंच आत जातं. लाकूड वाचतं ते वरच्या अखंड थरामुळे, आणि म्हणूनच त्या थराला पडलेलं प्रत्येक भोक महत्त्वाचं.

आता तुमच्या सुतारकामाबद्दल. त्याचा फायदा मोठा आहे: रंधा चालवता येतो, हत्याराला धार लावता येते, रेषा कुठे वळतात ते डोळ्याला दिसतं. पण हाताला लागलेल्या काही सवयी मोडाव्या लागतील. पांढऱ्या गोंदाला सांधा घट्ट बसलेला आणि क्लॅम्प करकचून आवळलेला लागतो. इपॉक्सीला नेमकं हेच मानवत नाही. जोरात आवळलं की सगळा माल बाहेर येतो आणि सांधा आतून कोरडा राहतो. तुकडे जागेवर राहतील आणि कडेने माल थोडासा डोकावेल एवढाच दाब हवा. रंध्याने आरशासारखी केलेली कड लाकूडकामात अभिमानाची गोष्ट. इथे तिच्यावर 80 नंबरचा कागद फिरवून ती खरखरीत करायची. आणि फट मुळीच नको या हट्टाची गरज नाही. मिलिमीटरभर फट लुकणाने, म्हणजे दाट केलेल्या इपॉक्सीने, भरली तर ती सांध्याइतकीच मजबूत होते. (हे वाचून करवत सैल सोडू नका. फटीत जाणारं लुकण म्हणजे वाढीव वजन, आणि होडीत वजन सगळीकडे वाहून न्यावं लागतं.)

पहिल्या आठवड्याची तालीम अशी करा. एकाच फळीचे दहा-बारा तुकडे कापा. दोन तुकडे नुसत्या पातळ इपॉक्सीने जोडा. दोन जोडताना आधी पातळ माल लावून दहा मिनिटं थांबा, लाकडाने प्यायचा तेवढा पिऊ द्या, मग दाट केलेला माल लावून जोडा. दोन करकचून आवळा, दोन अलगद. एक जोडी मुद्दाम तेलकट बोटांनी हाताळून जोडा. प्रत्येकावर पेन्सिलीने काय केलं ते लिहा. तीन-चार दिवसांनी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून हातोड्याने तोडा. लाकूड फाटलं तर सांधा चांगला. दोन स्वच्छ चकचकीत पृष्ठभाग सुटून आले तर त्या तुकड्यावर लिहिलेलं वाचा, सांधा सुटण्याचं कारण तिथेच असतं. एका टोकाला दुसरा तुकडा जोडायचा असेल तेव्हा आधीचा पातळ हात कधीही टाळू नका. फळीचं टोक म्हणजे नळ्यांची जुडी. ती सांध्यातला सगळा माल ओढून घेते आणि सांधा रिकामा राहतो.

मिश्रणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नवशिक्याची सगळ्यात जास्त हानी इथेच होते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनरचे (ते घट्ट करणाऱ्या द्रवाचे) थेंब कमीजास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीत हे चालत नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांत रासायनिकदृष्ट्या गुंफले जातात, आणि प्रमाण चुकलं तर उरलेला भाग कायमचा मऊ आणि चिकट राहतो. कुठल्या मालाचं प्रमाण 5 ला 1 असतं, कुठल्याचं 3 ला 1, कुठल्याचं 2 ला 1. डब्यावर जे असेल ते. आणि ते मापाचं आहे की वजनाचं ते नीट वाचा, दोन्ही सारखे नसतात. मी ग्रॅमचा काटा वापरतो. कालवताना घड्याळ लावून दोन मिनिटं, कपाच्या कडा आणि तळ खरवडून. काम नाजूक असेल तर तोच माल दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळतो, कारण कच्चा माल नेहमी पहिल्या कपाच्या कोपऱ्यात दडलेला असतो.

घट्ट होताना इपॉक्सी उष्णता सोडतं, आणि कपातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा मी वेळ वाचावा म्हणून अर्धा लिटर माल एकदम कालवला आणि कापड सरळ करण्यात गुंतलो. मागे वळलो तेव्हा कप वाकडा होऊन बसला होता, वरून पिवळसर धूर निघत होता, आणि माल उकळल्यासारखा फेसाळून क्षणात दगड झाला होता. तो धूर फुप्फुसांना वाईट. असा कप दिसला तर तो वाळूवर किंवा फरशीवर, उघड्यावर नेऊन ठेवा, कचऱ्यात टाकू नका, आग लागते. माल थोडाथोडा, शंभर-दीडशे ग्रॅम कालवा आणि कालवल्याबरोबर पसरट तबकात ओता. पातळ थरात उष्णता निघून जाते आणि काम करायला दुप्पट वेळ मिळतो. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की घट्ट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून उष्ण हवेत संथ हार्डनर घ्या.

लाकडावर पहिला हात मारायची वेळ दुपार उतरल्यावरची. सकाळी हात मारला की दिवस तापतो तसतशी लाकडातली हवा प्रसरण पावते आणि थरातून बारीक बुडबुडे वर येतात. प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक भोक. तापमान उतरत असताना लाकूड माल आत ओढतं.

हातमोजे. याबद्दल मी कुणाशी तडजोड करत नाही. इपॉक्सी लागल्याबरोबर सहसा झोंबत नाही, वास फारसा येत नाही, म्हणून लोक निष्काळजी होतात. त्वचेला वारंवार लागत राहिलं की एके दिवशी शरीर त्याला नकार देतं. खाज, पुरळ, सुजलेल्या पापण्या, आणि ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर सोबत राहते. कुशल हाताचे दोन कारागीर मी असे या कामातून बाहेर पडताना पाहिले आहेत. नायट्राइलचे मोजे घाला, फाटले की लगेच बदला. हाताला लागलंच तर साबण आणि पाणी. थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने पुसू नका, त्याने माल त्वचेत आणखी आत जातो. अर्धवट घट्ट झालेल्या थराची घासताना उडणारी धूळ सगळ्यात वाईट, म्हणून पूर्ण घट्ट होईपर्यंत घासू नका, आणि घासताना तोंडाला चांगला मास्क हवाच.

आता होडी. टाके घालून चिकटवायची पद्धत, जिला सगळे स्टिच अँड ग्लू म्हणतात, ती पहिल्या होडीसाठी का? कारण तिला साचा लागत नाही, आकार प्लायवूडच्या तुकड्यांच्या कडांमध्येच लपलेला असतो. अनुभवी आखणाऱ्याचे नकाशे विकत घ्या. स्वतःच्या कल्पनेतली होडी पहिल्यांदाच बांधायला जाऊ नका, आणि नकाशातली होडी 'थोडी लांब' किंवा 'थोडी उंच' करू नका. प्लाय मरीन दर्जाचं, बीएस 1088 या मानकाचं. ओकूमे या लाकडाचं प्लाय हलकं आणि वाकायला सोपं असतं. छोट्या होडीला बहुधा 6 मिलिमीटर पुरतं. ताव येताच कडेने बघा: मधल्या थरांत पोकळ जागा दिसली तर परत करा. त्या पोकळीत पाणी साचतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. तुकडा उकळत्या पाण्यात तासन् तास ठेवून वाळवून बघणं ही जुनी परीक्षा आजही चांगली.

ताव होडीपेक्षा आखूड असतात, म्हणून दोन जोडावे लागतात. त्यासाठी स्कार्फ म्हणजे तिरपा सांधा शिका: जाडीच्या आठपट लांबीचा उतार, 6 मिलिमीटरला 48. चार कडा पायरीसारख्या एकावर एक ठेवून रंधा चालवला की प्लायचे थर समांतर पट्ट्यांसारखे दिसतात. त्या पट्ट्या सरळ असतील तर उतार सरळ, वळल्या असतील तर रंधा तिथे कलला आहे. तुमच्यासारख्याला हे काम आवडेल.

तुकड्यांवर वक्र रेषा आखताना नकाशातले बिंदू मांडा, तिथे खिळे ठोका आणि लवचीक पट्टी त्यांना टेकवा. मग खाली वाकून, गाल जवळजवळ प्लायला लावून, एक डोळा मिटून पट्टीच्या बाजूने बघा. वरून सुरेख दिसणारी रेषा इथून बघितली की कुठे अडखळते ते लगेच कळतं. एखादा बिंदू बाहेर पडत असेल तर खिळा काढा आणि पट्टी कुठे जाते ते बघा. नकाशा आणि पट्टी यांच्यात दोन मिलिमीटरचं भांडण असेल तर मी पट्टीचं ऐकतो.

कडेपासून सुमारे 10 मिलिमीटरवर, दर 10 ते 15 सेंटिमीटरला भोकं पाडून तांब्याच्या तारेने तुकडे शिवा. सपाट ताव उभे राहून होडीचा आकार घेतात तो क्षण मी कितीही वेळा पाहिला तरी मला हात थांबवून बघावासा वाटतो. पण लगेच कामाला लागा, कारण होडी पिळलेली आहे का ते आत्ताच तपासायचं. दोन सरळ काठ्या, एक पुढे आणि एक मागे, काठावर आडव्या ठेवा आणि मागून बघा. दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत. कर्ण मोजा. पीळ आता टाके सैल करून दहा मिनिटांत निघतो. लुकण भरल्यावर तो आयुष्यभर राहतो आणि होडी कायम एका बाजूला ओढते.

मग टाक्यांच्या मधल्या जागी आतून लुकणाचे छोटे ठिपके द्या. ते घट्ट झाले की तारा काढा आणि मग सगळ्या कोपऱ्यांत सलग गोलाई भरा. लुकण म्हणजे इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ आणि थोडी सिलिका. पट्टीवर घेऊन उलटं धरलं तरी ओघळू नये, फ्रिजमधून काढलेल्या लोण्याइतकं घट्ट. गोल टोकाची पट्टी एकदाच, न थांबता ओढा. पुन्हापुन्हा गिरवलं तर ते बिघडतं. लुकण अजून मऊ असतानाच त्यावर 75 मिलिमीटरची काचेची पट्टी भिजवून बसवली की मधे घासायचं एक काम वाचतं आणि बंध रासायनिक होतो. बाहेरच्या कडा आधी गोल करा. काचेचं कापड धारदार कोपऱ्यावर बसत नाही, खाली हवा राहते.

बाहेरून तळाला अखंड कापड द्या, दर चौरस मीटरला 200 ग्रॅमच्या आसपासचं, विणलेलं. चुरा केलेल्या तंतूंची चटई घेऊ नका. तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, त्यामुळे ती नीट भिजतच नाही. कापड कोरडंच पसरा आणि हाताने मधून बाहेर सारवत सुरकुत्या काढा. माल मध्यावर ओता आणि प्लास्टिकची पट्टी कमी कोनात धरून कडेकडे न्या. पांढरं कापड बघता बघता दिसेनासं होतं आणि खालच्या लाकडाच्या रेषा वर येतात. कुठे दुधी ठिपका राहिला तर तिथे हवा आहे. कुठे तळं साचून चकाकत असेल तर कापड मालावर तरंगतंय, जास्तीचा माल ओढून काढा. बरोबर भिजलेलं कापड मंद दिसतं, वीण बोटाला जाणवते. ती वीण त्याच दिवशी भरा: वरचा थर नखाने खूण उमटेल पण बोटाला लागणार नाही इतका झाला की दुसरा हात, मग तिसरा. वेळ निघून गेला, थर पूर्ण घट्ट झाला, तर आधी साध्या पाण्याने आणि खरखरीत चिंध्यांनी धुवा आणि मगच घासा. बऱ्याच हार्डनरांमुळे वर मेणासारखा पातळ थर येतो. न धुता घासलं तर तो खाली दाबला जातो आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. काही तेलरंग अशा थरावर आठवडाभर वाळतच नाहीत.

आता भोकांकडे येतो. माझ्या पहिल्या होडीच्या काठावर वल्ह्यांचे खुंटे मी सरळ स्क्रू फिरवून बसवले होते. तीन थर इपॉक्सी, वर व्हार्निश, सगळं चोख. तिसऱ्या मोसमात एका खुंट्याभोवती नाण्याएवढा काळसर डाग दिसला. व्हार्निश अखंडच होतं. स्क्रू काढला तर तो अलगद बाहेर आला आणि भोकात पेचकसाचं टोक निम्मं आत गेलं. दर फटक्याला खुंटा केसभर हलत होता, थर स्क्रूच्या गळ्याशी तडकला होता आणि तिथून पाणी टोकाच्या नळ्यांत शिरत होतं. तेव्हापासून प्रत्येक स्क्रूचं भोक आधी मोठं पाडतो, दाट इपॉक्सीने भरतो, घट्ट झालं की त्याच्या मधोमध स्क्रूच्या मापाचं पाडतो. स्क्रू इपॉक्सीत बसतो, लाकडाला शिवतही नाही. सुकाणूच्या बिजागऱ्या, दोरीच्या कड्या, पाणी काढायचं बूच, सगळीकडे हेच. कंटाळवाणं काम आहे. एका छोट्या होडीत चाळीस-पन्नास भोकं होतात. पण नवी होडी कुजते ती इथूनच. समुद्रापेक्षा पावसाचं गोडं पाणी तिला जास्त मारक, कारण कुजवणाऱ्या बुरशीला खाऱ्या पाण्यात जगणं अवघड जातं. म्हणून होडी बुडू नये यासाठी ठेवलेल्या बंद हवेच्या पेट्यांना झाकणं ठेवा आणि होडी उभी असताना ती उघडी टाका.

ऊन हा दुसरा शत्रू. उघड्या इपॉक्सीचं उन्हात पीठ होतं, म्हणून वर रंग हवा किंवा अतिनील किरणं अडवणारं व्हार्निश, तेही दरवर्षी नवं. साध्या तापमानात घट्ट झालेलं बहुतेक इपॉक्सी 50 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि काळ्या किंवा गडद निळ्या रंगाचा पृष्ठभाग उन्हात तिथवर सहज पोचतो. रंग फिका निवडा.

घासणं-रंगवणं यात निम्म्याहून जास्त वेळ जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. शंभर तासांच्या आत झालेली पहिली होडी मी पाहिलेली नाही.

पुढची पायरी पट्ट्यांची होडी, स्ट्रिप प्लँकिंग. हलक्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या साच्यावर एकीला एक चिकटवत जायचं आणि आतून बाहेरून दोन्हीकडे काचेचं कापड द्यायचं. इथे लाकूड मधला गाभा होतं आणि कापड ताण-दाब घेतं. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, म्हणून हलका जाड गाभा आणि पातळ कवच ही जोडी इतकी गुणाची. बाहेरून कापड दिलं, आतून टाळलं, असं कधी करू नका. आतल्या बाजूला ताण आला की पट्ट्या रेषेत उकलतात. कोल्ड मोल्डिंग, म्हणजे पातळ पापुद्रे तिरपे-आडवे एकावर एक चिकटवणं, त्याच्याही पुढचं. निर्वात पिशवीने दाब द्यायची युक्ती तिथे फार उपयोगी पडते, कारण पूर्ण निर्वात झाला तर हवा दर चौरस मीटरला सुमारे 10 टन दाब देते, तोही सगळीकडे सारखा. कार्बन तंतूंच्या कापडाचा मोह सध्या बाजूला ठेवा. ते लाकडापेक्षा इतकं ताठ आहे की चुकीच्या जागी लावलं तर सगळा भार एकटंच घेतं आणि अचानक तुटतं.

शाळेबद्दल. अमेरिकेत मेनमधल्या ब्रुकलिनला उन्हाळ्यात आठवड्या-दोन आठवड्यांचे वर्ग चालतात, वॉशिंग्टन राज्यात पोर्ट हॅडलॉकला आणि इंग्लंडमध्ये लाइम रीजिसला महिनोन् महिन्यांचे अभ्यासक्रम आहेत. यातून पोट भरायचं असेल तर लांब अभ्यासक्रमाला पर्याय नाही. मोठ्या होडीचा साचा, आखणी, दुसऱ्याच्या चुका, हे एकट्याने जमत नाही. छंदासाठी बांधायची असेल तर छोटा वर्ग किंवा बांधकाम चालू असलेल्या एखाद्या कारखान्यात आठवडाभर घासकाम करायला मिळालं तरी पुरे. भिजलेलं कापड किती मंद दिसायला हवं, लुकण किती घट्ट, हे शब्दांत मी वर लिहिलं खरं, पण एकदा दुसऱ्याच्या हाताखाली पाहिलं की ते पक्कं बसतं.

आणि आजच करता येईल असं एक काम. प्लायवूडचे तळहाताएवढे तीन तुकडे घ्या. एकाला सगळीकडून इपॉक्सीचे तीन हात द्या. दुसऱ्याला तसेच, पण शेवटी त्यात एक स्क्रू सरळ फिरवा. तिसऱ्यात भोक मोठं पाडून, भरून, पुन्हा पाडून स्क्रू बसवा. तिघांचं वजन दशांश ग्रॅमपर्यंत लिहून ठेवा आणि पाण्याच्या बादलीत बुडवा. दर रविवारी पुसून वजन करा. तुमची होडी शिवून होईपर्यंत त्या वहीत बरेच आकडे जमलेले असतील, आणि काठावर पहिला खुंटा बसवण्याआधी ते एकदा वाचा.